हसनजानच्या रकाब्या

हसनजानचं गाणं सोलापुरात फार थोड्यांनी ऐकलं होतं, पण तिचा काठ अर्ध्या सोलापूरनं नेसला होता. ही बीदरकडची गाणारी बाई. हैदराबादेत तिचं मोठं नाव, पण ते नाव गाण्याचं जितकं त्याहून जास्त नेसण्याचं. काठ चांगला वीतभर रुंद, त्यात एक बारीक जांभळी रेघ, आणि पदर डाव्या खांद्यावर सोन्याच्या चापानं टाचून मागं मोकळा सोडलेला. एका अत्तराच्या बाटलीवर तिचं चित्र छापून आलं आणि मग विचारायलाच नको. हसनजान काठ, हसनजान चोळी, हसनजान बांगड्या निघाल्या. घरंदाज बायकांची मात्र पंचाईत झाली, कारण गाणारणीचं नाव दुकानात तोंडानं कसं घ्यायचं? त्या बोट दाखवून "तो तसला काठ" म्हणायच्या आणि दुकानदारही मान खाली घालून तसलं लुगडं पुढं टाकायचा. नाव घ्यायची लाज होती, नेसायची नव्हती.

विजापूर वेशीतल्या बंदेनवाज लुगडेवाल्याचं घर या तसल्या काठावर उभं राहिलं. पूर्व भागातल्या तेलुगू मागवाल्यांकडून तो लुगडी विणून घ्यायचा. हसनजाननं यंदा कुठला रंग धरला याची खबर त्याला हैदराबादेहून यायची, आणि ती पेठेत पसरेपर्यंत त्याचा माल संपलेला असायचा. माणूस तसा सरळ होता. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोवर, इमामबीवर, त्यानं कधी हात उगारला नव्हता. एकच खोड होती. आपलं चांगलं चाललंय ते कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत असणार, ही धास्ती त्याला जन्माची होती.

हसनजान वारली तेव्हा तिच्या चीजवस्तूंचा हैदराबादेत लिलाव झाला. बंदेनवाज मुद्दाम गेला. लोकांनी तिचे शालू उचलले, चाप उचलले, ज्या आरशात बघून ती पदर घ्यायची तो आरसा उचलला. हा सहा रकाब्या घेऊन आला. चिनी मातीच्या जुन्या रकाब्या, हिरवट-करड्या, जाडजूड, खोलगट, मधोमध एक मासा उमटवलेला. कधी काळी चीनमधून गलबतानं आलेल्या. अशा रकाब्यांना घोरी म्हणतात. त्यांचा लौकिक असा की विष घातलेलं अन्न त्यात वाढलं की रकाबी आपोआप तडकते. जुने सुलतान त्यांतच जेवायचे म्हणे. हसनजानला तर त्यांची गरजच होती. गाणाऱ्या माणसाला वैरी फार, आणि विड्यातून शेंदूर घातला की गळा कायमचा जातो हे कुणालाही ठाऊक आहे. ती घोरीशिवाय दुसऱ्या कशात जेवत नसे. शेवटी ती गेली साध्या तापानं, आणि तापाबद्दल रकाब्या काही बोलल्या नाहीत, पण लिलाव पुकारणाऱ्यानं एवढं कशाला सांगावं?

बंदेनवाजनं बैठकीत काचेचं कपाट करून घेतलं, आणि त्यातली एक रकाबी काढून रोज तीतच जेवू लागला. खरं सांगायचं तर रकाब्या येईपर्यंत त्या घरात विषाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आता तो रोज दोन वेळा पानावर यायला लागला. वाढल्यावर बंदेनवाज हात न लावता थोडा वेळ रकाबीकडे बघत बसायचा. बाकीचेही बघत बसायचे. मग तो बिस्मिल्ला म्हणायचा आणि जेवणं सुरू व्हायची. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटलं असतं, पण माणसाला कशाचीही सवय होते.

रकाब्यांची देखरेख इमामबीकडे होती. राखेनं घासायच्या नाहीत, चरे पडतात. कढत पाणी लावायचं नाही, न जाणो त्यांचा गुण जाईल. मागच्या अंगणातल्या रांजणाच्या गार पाण्यानं धुवायच्या आणि तिथंच कट्ट्यावर पालथ्या घालायच्या. हे नियम इमामबीनं स्वतःच्या डोक्यानं काढले होते आणि ती ते कुराणातले असल्यासारखे पाळायची.

स्वयंपाक सुनेचा असायचा. मदिनाबी वळसंगची. बापाची थोडी जमीन, चार शेरडं, बाकी सगळा आनंद. बंदेनवाजनं तिला पाहिलं नव्हतं, तिच्या हातचं जेवण जेवून मुलासाठी पसंत केली होती. पोरगी हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. रज्जाकला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिचं बोलणं आवडायचं, पण बाप समोर असला की त्याला बायको आहे हेच त्याच्या लक्षात राहायचं नाही. त्यांना एक मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. ती आजीच्या अंगाखांद्यावरच असायची.

त्या हिवाळ्यात मदिनाबीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, आणि नेमकं त्याच वेळी मुंबईहून एका पारशी शेटजींचं येणं ठरलं. त्यांना जुनी चिनी भांडी जमवायचा नाद होता. हसनजानच्या रकाब्या त्यांच्या कानावर गेल्या होत्या. आता असा पाहुणा यायचा म्हणजे जेवण तसंच हवं, आणि तसं जेवण मदिनाबीशिवाय कोण करणार? बंदेनवाजनं तिला लग्नाला जाऊ दिलं नाही. तिनं परात चुलीपुढं जरा जोरातच आपटली आणि बैठकीत ऐकू जाईल असं म्हणाली, "आदी रकाब्यांचं लगीन लावा, मग माज्या भावाचं बगू." त्या वेळी इमामबीला हसू आलं होतं.

शेटजींचं काही तरी अडलं, ते त्या आठवड्यात आलेच नाहीत. लग्न होऊन गेलं. मदिनाबी पुढं काही बोलली नाही, आणि बोलणारं माणूस गप्प झालं की घरातल्यांना वाटतं, हिच्या मनात काही तरी शिजतंय.

मग ती सकाळ उजाडली. हाडं गोठवणारी थंडी होती. बंदेनवाजला थंडीत सकाळी बकऱ्याच्या पायांचा शोरबा लागायचा, तो रात्रभर मंद चुलीवर शिजलेला होता. मदिनाबीनं अंगणातली रकाबी आणली, दस्तरखानावर ठेवली आणि रटरटणारा शोरबा पळीनं तीत ओतला. टक् असा आवाज झाला. काठापासून माशाच्या डोक्यापर्यंत एक रेघ गेली आणि शोरबा तिच्यातून पाझरून कापडावर पसरायला लागला.

मदिनाबी म्हणाली, "अगं बया, फुटली," आणि फडकं आणायला धावली. एवढी महागाची वस्तू आपल्या हातून गेली, आता बोलणी खावी लागणार, एवढीच भीती तिला वाटत होती. फडकं घेऊन ती खाली बसली, वर बघितलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की रकाबीकडे कुणीच बघत नाही. सासरा, सासू, नवरा, तिघंही तिच्याकडे बघत होते.

समजायला तिला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही, ओरडलीही नाही. रकाबी पुढं ओढली, भाकरी मोडली आणि राहिलेला सगळा शोरबा त्यांच्यासमोर खाल्ला. कापडावर सांडलेलासुद्धा भाकरीनं टिपून खाल्ला. मग हात न धुता भिंतीला टेकून बसली. दुपार झाली तरी तिला काही झालं नाही. रज्जाकनं हळूच आईकडे बघितलं, म्हणजे आता मिटलं ना, अशा अर्थानं.

इमामबी म्हणाली, "रकाबीनं इख वडून घेतलं. मग हिला कशानं हुईल?"

इमामबी दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. ती घाबरली होती. नवऱ्याच्या पानात मरण आलं होतं अशी तिची खात्री झाली होती, आणि परातीचा तो आवाज, ते रकाब्यांच्या लग्नाचं बोलणं, मग ते गप्प राहणं, सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत येऊन बसलं. पण घाबरलेलं माणूस दुष्ट माणसाइतकंच नुकसान करतं, हेही खरं आहे.

बंदेनवाजनं आरडाओरडा केला नाही, पोलिसात गेला नाही. रज्जाकला म्हणाला, हिला थोडे दिवस माहेरी पोचवून ये. पोर इथंच राहू दे. रज्जाकनं तिला वळसंगला पोचवलं, सासऱ्याच्या घरी पाणीसुद्धा न पिता परत फिरला.

पुढच्या आठवड्यात शेटजी आले. पाची धड रकाब्या त्यांनी उजेडात धरून बघितल्या, छान आहेत म्हणाले. मग त्यांची नजर कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या सहाव्या रकाबीवर गेली. हिला काय झालं, त्यांनी विचारलं. बंदेनवाजनं आढेवेढे घेतले, मग सांगितलं, घरातल्याच कुणीतरी घात करायचा बघितला, हिनं वाचवलं. शेटजी ती रकाबी हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. धड रकाब्या पुष्कळ मिळतात, ते म्हणाले, पण घोरी खरोखर तडकल्याचं त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं. त्यांना फक्त तीच हवी होती, आणि तिच्यासाठी ते पाचींच्या मोलाहून जास्त द्यायला तयार होते.

बंदेनवाजनं ती विकली नाही. शेटजी गेल्यावर त्यानं ती पुसली आणि कपाटात मधोमध मांडली.

झालं. मग बघणाऱ्यांची रीघ लागली. हैदराबादचे लोक आले, विजापूरचे आले, गिरणीतला एक गोरा साहेब मडमेला घेऊन आला. आधी लोक हसनजानचं नाव ऐकून यायचे, आता फुटक्या रकाबीचं. प्रत्येकाला गोष्ट सांगावी लागायची आणि सांगता सांगता गोष्ट पक्की होत गेली. "घरातल्याच कुणीतरी" म्हणणारा बंदेनवाज हळूहळू "आमच्या सुनेनं" म्हणायला लागला. ऐकणारा चुकचुकायचा, मग काचेला नाक लावून तडा बघायचा. ती रेघ जितकी नावाजली तितकी मदिनाबीची अब्रू गेली, आणि यातला संबंध त्या घरात कुणाला दिसला नाही, किंवा दिसत असला तरी कुणी बोललं नाही. बंदेनवाजचा चेहरा आताशा उजळला होता. सारा जन्म तो जी भीती बाळगून होता ती खरी निघाली, याचंही माणसाला समाधान असतं.

तलाकचं ठरलं. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता, दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हतं, म्हणून गड्डा उठल्यावर काजीसाहेबांना बोलवायचं असं ठरलं. रज्जाकसाठी दुसरी मुलगी इमामबीनंच हेरून ठेवली होती. पोर अधूनमधून दारात जाऊन उभी राहायची आणि आईला हाक मारायची. इमामबी तिला उचलून आत आणायची आणि गुळाचा खडा हातात द्यायची. गुळानं ती गप्प व्हायची, पण जेवत नव्हती.

स्वयंपाक आता इमामबी करत होती. दुसऱ्या कुणाच्या हातचं बंदेनवाजला चालत नव्हतं.

अशाच एका गारठ्याच्या सकाळी इमामबीनं अंगणातून रकाबी आणली. कट्ट्यावर रात्रभर राहून ती इतकी गार पडली होती की बोटांना चटका बसला. तिनं ती चुलीजवळ ठेवली, बैठकीत न्यायच्या आधी इथंच वाढून घ्यावं म्हणून उकळता शोरबा तीत ओतला. टक्.

इमामबी पळी हातात धरून तशीच उभी राहिली. या वेळी रेघ नव्हती, रकाबीची सरळ दोन शकलं झाली होती. शोरबा शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाहत चुलीकडे गेला आणि राखेत शिरला. आजूबाजूला कुणी नव्हतं. पोर तेवढी कोपऱ्यात कांद्याची सालं चिवडत बसली होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, कुणी काय घातलं असेल? मग तिच्या लक्षात आलं की मसाला तिनं वाटला होता, पाणी तिनं भरलं होतं, पाये तिनं धुतले होते, रात्री स्वयंपाकघराला कुलूप घालून चावी कमरेला तिनंच लावली होती. दुसऱ्या कुणाचा हात लागायला जागाच नव्हती. आणि तिनं काही घातलं नव्हतं. एवढं तर तिला ठाऊक होतं. जगात दुसरं कुणी मानो न मानो, तिला ठाऊक होतं.

मग तिला गार रकाबी आठवली, उकळता शोरबा आठवला. कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काच तडकते, हे घरातल्या बाईला काय कुणी शिकवावं लागतं? तिनं स्वतः आजवर किती काचा फोडल्या होत्या. हे तिला त्या दिवशीही ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं तिकडे मन वळवलं नव्हतं, एवढंच. त्या दिवशी मदिनाबी तिच्यासमोर सांडलेलं टिपून खात होती आणि ही बघत बसली होती. इमामबी चुलीपुढं खाली बसली.

शकलं लपवता आली असती. मागच्या दारी उकिरडा होता. कपाटातली दुसरी काढून त्यात वाढलं असतं, एक कुठं गेली विचारलं तर हातातून पडली म्हटलं असतं. बंदेनवाज हळहळला असता, दोन दिवस अबोला धरला असता. आणि खरं सांगायचं म्हटलं तर काय होणार, तेही तिला दिसत होतं. हिच्याही हातानं तडकली, असं म्हणणार. सुनेला लावलेला न्याय सासूला लागणार. त्या न्यायाचा शेवटचा खिळा तर तिनंच ठोकला होता, त्यामुळे त्यातून सुटायला वाट नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला खूप भीती वाटली. या वयात कुठं जायचं, हा विचार तिनं आयुष्यात पहिल्यांदा केला. बाहेरून बंदेनवाजनं हाक मारली, शोरब्याला किती वेळ.

ती उठली. शकलं एका ताटात ठेवली, त्यांत राहिलेला शोरबा तसाच राहू दिला, आणि ताट नेऊन दस्तरखानावर नवऱ्यापुढं ठेवलं. रज्जाकही बसलेला होता.

"ही माज्या हातानं तडकली," ती म्हणाली. "आता माजं काय करता बोला."

खरं तर तिला मनात कुठंतरी वाटत होतं की तो हसेल. अगं, तू कशाला विष घालशील, म्हणेल. मग ती म्हणणार होती, मी नाही घातलं तर तिनं तरी कशावरून घातलं? पण बंदेनवाज हसला नाही. त्यानं रकाबीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि भाकरीकडे गेलेला हात त्यानं हळूच मागं घेतला. तेवढं त्या हाताचं मागं जाणं तिला पुरलं. मग तो फार मऊ आवाजात म्हणाला, "चुलीपाशी दुसरं कोन आलं व्हतं का? आटवून सांग."

तो तिला वाट काढून देत होता. कुणाचंही नाव चाललं असतं. पाणी टाकायला येणारी कस्तुराबाई होती, शेजारची सुंदरम्मा होती. नाव घेतलं असतं की इमामबी सुटली असती.

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "मी एकटीच व्हते. गार रकाबीत कडत शोरबा वतला म्हनून तडकली. त्या दिवशी बी तसंच झालं. पोरीनं काय बी केलं न्हाय."

बंदेनवाज म्हणाला, असं असतं तर हसनजानच्या घरी रोज रकाब्या तडकल्या असत्या. इमामबी म्हणाली, तिच्या घरच्यांना अक्कल असेल, आधी कोमट करून घेत असतील. तो म्हणाला, तुला काय ठाऊक. मग तिनं कपाटाकडे बोट केलं. राहिलेल्यांतली एक गारेगार रकाबी काढून आण, ती रज्जाकला म्हणाली, आणि नुसतं साधं उकळतं पाणी ओत, तुझ्याच हातानं, तडकते का नाही बघ. पाण्यात तर कुणी विष घातलेलं नाही ना?

बंदेनवाज उठून कपाटापुढं उभा राहिला. असल्या वस्तूची परीक्षा घेऊ नये, तो म्हणाला, पाप लागतं.

"सुनंची घेतली की," इमामबी म्हणाली.

रज्जाक खाली बघत पुटपुटला, एक बघायला काय हरकत आहे, अब्बा. बापानं त्याच्याकडे वळून बघितलं तसा तो पुन्हा दस्तरखानाच्या कडेशी चाळा करायला लागला. काचेआड मधोमध ती नावाजलेली रकाबी होती. नुसत्या पाण्यानं दुसरी तडकली तर ही काय राहणार होती? एक फुटकं भांडं. आणि शेटजींना, साहेबाला, विजापूरकरांना सांगितलेली गोष्ट, तीही फुटकीच. बंदेनवाजला हे कळत होतं. पण तो कपाटापुढून हलला नाही. शेवटी तो दस्तरखानावर परत बसला आणि तस्त ओढून हात धुवायला लागला. घासही न खाता.

ते अन्न खाऊन दाखवावं असं इमामबीच्या मनातही आलं नाही. खाल्ल्यानं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते तिनंच त्या दिवशी सांगून ठेवलं होतं. तिनं बुरखा घेतला, पोर कडेवर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता घराबाहेर पडली. अक्कलकोटच्या मोटारीत बायकांच्या बाकावर एका धनगरणीशेजारी तिला जागा मिळाली. कुठं जायचं आजी, असं त्या बाईनं विचारलं. सुनंकडं, इमामबी म्हणाली, आणि वळसंगला उतरली.

मदिनाबीचं माहेर गावाच्या कडेला होतं. घरात नवी भावजय आली होती, आणि गोष्ट तर मदिनाबीच्या मागोमाग गावात पोचली होती. तिच्या हातचं नको असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. फक्त तिनं चुलीपुढं बसावं की कुणीतरी घाईनं म्हणायचं, राहू दे गं, तू दमली असशील. मग तिनं शेरडांच्या छपराला लागून आपली वेगळी चूल मांडली होती. इमामबी दारात आली तेव्हा ती तिथं भाकरी थापत होती. पोर आजीच्या कडेवरून उतरायला धडपडली. आईनं तिला पिठाच्या हातांनीच उचललं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर बघितलं नाही.

इमामबी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. तिनं बुरख्याचं तोंड वर केलं. मदिनाबीचा बाप, भाऊ, भावजय, गोठ्यात आलेला शेजारचा बिरप्पा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली. दुसरी रकाबी माझ्या हातानं फुटली. कढत शोरब्यानं फुटली, विषानं नाही. पहिलीही तशीच फुटली होती. ही पोरगी धुतल्या तांदळासारखी आहे. मी तिच्यावर खोटं घातलं, माझ्या तोंडानं घातलं, म्हणून माझ्याच तोंडानं सांगायला आले. एवढं बोलून झाल्यावर तिला धाप लागली. बिरप्पा डोक्याचं मुंडासं काढून उगाचच पुन्हा बांधायला लागला. नवी भावजय लगबगीनं पाणी आणायला गेली.

मदिनाबीनं पोरीच्या गालाला लागलेलं पीठ पदरानं पुसलं. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. घरी चल, असं इमामबी म्हणाली नाही, कारण कुठल्या घरी चल म्हणणार? ती छपराखाली सुनेच्या चुलीपुढं जाऊन बसली. मदिनाबीनं तव्यावरची भाकरी काढली, आमटी घेतली, शेंगदाण्याची चटणी घेतली. पोरीला मांडीवर घेतलं. पोर भुकेलेली होती, तिनं तोंड उघडलं.

मदिनाबीनं घास आमटीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावला, गिळला. मग तोंड उघडून, जीभ दाखवून, ती सासूकडे आणि पलीकडे उभ्या असलेल्या भावजयीकडे वळली. थोडा वेळ तशीच बसून राहिली. आणि मगच दुसरा घास तिनं पोरीला भरवला.

कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. इमामबीला ते बघवेना. ती म्हणाली, "मदिना, आता नगं तसं करू. समद्यांस्नी सांगितलं की मी."

"व्हय अम्मा, ऐकलं की," मदिनाबी म्हणाली.

मग तिनं सासूसाठी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि तो घासही आधी आपल्या तोंडात घातला.